पुट्टीचे दोन हात देऊनही भिंत लाटालाटांची दिसते, त्याचं काय करायचं

"वहिनी, ही भिंत दिवसा एक दिसते नि रात्री एक."

डिचोलीहून भावोजींचा हा फोन मला सलग तिसऱ्या वर्षी आला. वेळही ठरलेली, चवथीचे (गणेशचतुर्थीचे) पाहुणे जाऊन आठ दिवस झाले की. हॉलची लांब भिंत, १४ फूट बाय १० फूट. मखर तिथंच लागतं, माटोळी (गणपतीपुढे टांगायची फळाफुलांची चौकट) तिच्यासमोर बांधतात, त्यामुळे घरात आलेला माणूस आधी तिच्याकडेच बघतो. पहिल्या वर्षी पुट्टीचे दोन हात दिले, दुसऱ्या वर्षी आणखी एक, तिसऱ्या वर्षी पेंटर बदलून परत दोन. दर वेळी रंग नवा आणि लाटा त्याच. त्यात भावोजींनी त्या वर्षी छताच्या पीओपीत एलईडीची पट्टी बसवली. तिचा उजेड भिंतीवरून घसरत खाली येतो आणि मोरजीला ओहोटीनंतर वाळूवर वळ्या राहतात ना, अगदी तशी भिंत दिसते.

मी गोव्यात, फोंड्याला राहते, गेली सतरा वर्षं घरांच्या आतल्या कामांवर देखरेख करते. गळतीनंतर सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार हीच. आणि उपायही सगळीकडे एकच सुचवला जातो, "अजून एक हात पुट्टी मारूया". पाच हात झाले तरी भिंत सरळ होत नाही, कारण ते पुट्टीचं कामच नव्हे. पुट्टी गिलाव्याची खरखर बुजवते, रेतीच्या कणांमधल्या फटी भरते. भिंतीचा खड्डा आणि पोट (बाहेर आलेला भाग) गिलाव्यातच मिटवावं लागतं.

कारण साधं आहे. पेंटरच्या हातातला पत्रा असतो आठ-दहा इंचांचा आणि भिंतीची लाट असते तीन-चार फुटांची. समुद्राच्या लाटेवरून होडी जाते तसा पत्रा त्या लाटेवर चढतो, उतरतो आणि मागे सगळीकडे सारख्याच जाडीची पुट्टी ठेवतो. हाताला भिंत लोण्यासारखी लागते आणि लाट जशीच्या तशी. पेंटर खोटं बोलत नसतो. त्याने पुट्टी खरंच मारलेली असते.

आधी बॅटरी, मग पट्टी

पुट्टीची गोणी फोडायच्या आधी एक रात्र भिंत तपासण्यात घालवा. खोलीतले दिवे बंद करा. मोबाइलची बॅटरी भिंतीला टेकवून अशी धरा की उजेड भिंतीला घासत जाईल. जिथं सावली पडते तिथं खड्डा सुरू होतो किंवा उंचवटा संपतो. खड्ड्याला पेन्सिलीने गोल करा, उंचवट्याला फुली. पेन किंवा मार्कर नको, त्याची शाई रंगाच्या दोन हातांतूनही वर येते आणि मग ती घालवायला वेगळा खटाटोप.

दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी घ्या, निदान ६ फुटी. ती स्वतः सरळ आहे का, हे आधी बघा. फरशीवर पट्टीच्या कडेने रेघ ओढायची, पट्टी उलटी फिरवून तीच कड त्याच रेघेला लावायची. मध्ये फट दिसली तर पट्टी वाकडी. गवंड्याच्या मोटारसायकलवर बांधून फिरलेल्या पट्ट्या बहुतेक वाकड्याच असतात, आणि त्याच पट्टीने गिलावा ओढलेला असतो!

पट्टी भिंतीला उभी, आडवी, तिरकी, तिन्ही प्रकारे लावा. दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये फट राहिली तर खड्डा. मध्ये टेकून टोकं डुलायला लागली तर पोट. फट मोजायला मी ड्रिलचे बिट वापरते. ३, ५, ८ मिलिमीटरचे बिट खिशात असले की कुठला आत सरकतो ते बघायचं आणि आकडा तिथंच भिंतीवर लिहायचा. अंदाजाने "थोडा खड्डा आहे" म्हणणारा माणूस नंतर पुट्टीच मारतो.

ओळंब्याचं काय, म्हणजे भिंत उभी सरळ आहे का, असं गवंडी हमखास विचारतो. दहा फुटांत दहा मिलिमीटर भिंत बाहेर झुकली असेल तर ते डोळ्याला कळत नाही, दाराची चौकट किंवा उंच कपाट शेजारी असेल तरच कळतं. लाट मात्र लगेच दिसते. म्हणून जुन्या भिंतीत मी ओळंब्यासाठी भांडत नाही, सपाटीसाठी भांडते.

भावोजींच्या भिंतीवर मुख्य तीन गोष्टी सापडल्या. स्विचबोर्डच्या वर ७ मिलिमीटरचा खड्डा, थेट छतापर्यंत. जमिनीपासून पाचेक फुटांवर भिंतभर आडवं चाललेलं ४ मिलिमीटरचं पोट. आणि उजव्या कोपऱ्यात, कॉलमला लागून, ११ मिलिमीटरचा खड्डा.

लाट येते कुठून

आपल्याकडच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. जुना चिरा हाताने तासलेला, त्याचं तोंड कधी एका पातळीत नसतं. मशिनने कापलेल्या चिऱ्यातही भोकं असतात आणि एखादी रांग बाहेर येतेच. त्यामुळे एकाच भिंतीवर गिलावा कुठे १२ मिलिमीटर बसतो, कुठे ३०. जाड गिलावा ओला असताना स्वतःच्या वजनाने खाली बसतो, वाळताना जास्त आक्रसतो. गवंड्याने ३० मिलिमीटर एका दमात थापला असेल तर पोट आलंच समजा.

पाच फुटांवरची ती आडवी वळकटी जवळजवळ प्रत्येक घरात असते. गवंडी आधी परांचीवर (मचाणावर) चढून वरचा भाग करतो, मग परांची काढून खालचा. दोन्ही गिलावे जिथं भेटतात तिथं रंधा (गिलावा घासायची लाकडी फळी) दोन्हीकडून फिरतो आणि माल साठतो. तोच हा सांधा. डोळ्याच्या उंचीवर येतो, हे आपलं नशीब.

स्विचबोर्डच्या वरचा खड्डा इलेक्ट्रिशियनचा. पाइपासाठी भिंत चिरली, पाइप बसवला, घाईने माल भरला. तो माल वाळून आत बसतो. आणि कोपऱ्यातला कॉलम काँक्रीटचा, शेजारी चिरा, दोन्हींच्या तोंडात फरक. तिथं गिलाव्याखाली कोंबडीची जाळी (बारीक तारेची) घातली नसेल तर उभी भेगही येते. भावोजींकडे आली होती. पेंटरांनी ती दर वेळी पुट्टीने बुजवली आणि दर वेळी ती पुन्हा उघडली.

किती खोल आहे त्यावर माल ठरतो

पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नयेत. त्याहून जाड झाली की वाळताना बारीक जाळीदार तडे पडतात किंवा पापुद्रा सुटतो. हिशेबही बघा. १४० चौरस फूट म्हणजे साधारण १३ चौरस मीटर. त्यावर सरासरी ५ मिलिमीटर भर घालायची तर ६५ लिटर माल लागतो, म्हणजे ४० किलोच्या जवळजवळ दोन गोण्या एकट्या भिंतीत. पेंटर चौरस फुटाच्या दराने काम करतो, तो दोन गोण्या कशाला घालेल? आणि घातल्या तरी टिकणार नाहीत.

दोनपासून आठ-दहा मिलिमीटरपर्यंतच्या खड्ड्यांसाठी वेगळी, रवाळ, जाड थराची लेव्हलिंग पुट्टी मिळते. दुकानात नुसतं "पुट्टी" म्हटलं तर नेहमीचीच हातात पडते, म्हणून गोणीवर थराची जाडी छापलेली असते ती वाचून घ्या. दहाच्या वर गेलं की रेती-सिमेंटचा गिलावा.

पण भरायच्या आधी पोट काढा. इथं बहुतेक जण चुकतात. भिंतीवर ४ मिलिमीटरचं पोट आणि शेजारी ३ मिलिमीटरचा खड्डा असेल तर पोटाच्या उंचीपर्यंत सगळी भिंत भरत बसू नका. पोट छिन्नीने किंवा ग्राइंडरने उतरवलं की निम्मं काम आपोआप हलकं होतं. भावोजींच्या भिंतीवरची ती आडवी वळकटी आम्ही ग्राइंडरला खडबडीत चकती लावून उतरवली. दारं-खिडक्यांना ओली चादर लावली तरी धूळ देव्हाऱ्यापर्यंत गेली आणि जाऊबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

कोपऱ्यातला ११ मिलिमीटरचा भाग आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितला. घट्ट गिलावा टणक वाजतो, सुटलेला पोकळ. दीड फूट रुंदीचा पट्टा पोकळ निघाला. तो काढताना कडा निमुळत्या सोडायच्या नाहीत, चौकोनी कापायच्या. रेती-सिमेंटचा थर शून्यापर्यंत निमुळता करत नेला तर त्या कडेची रेती सुटते आणि रंगातून गोल नकाशा दिसतो. कड निदान ५-६ मिलिमीटर जाड राहिली पाहिजे.

मग उघडा चिरा ब्रशने साफ करून पाणी मारलं. चिरा पाणी भराभर पितो. तहानलेल्या चिऱ्यावर गिलावा थापला तर तो मालातलं पाणी ओढून घेतो आणि सिमेंट कच्चं राहतं. एकदा भरपूर पाणी मारून तास-दोन तास थांबायचं. भिंत ओलसर हवी, तिच्यावरून पाणी ओघळता कामा नये. कॉलम आणि चिऱ्याच्या सांध्यावर दोन्हीकडे चार-चार इंच जाईल अशी जाळी खिळ्यांनी ताणून बसवली. कॉलमचं काँक्रीट गुळगुळीत असतं, त्याला टोचे मारून लेटेक्स (पकड वाढवणारं द्रव) घातलेलं सिमेंटचं पातळ पाणी ब्रशने लावलं आणि ते चिकट असतानाच एकास चारचा (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) माल मारला. १२ मिलिमीटरच्या वर जायचं असेल तर दोन थर, पहिल्यावर करणीच्या (थापीच्या) टोकाने ओरखडे काढून, दुसरा दुसऱ्या दिवशी.

पट्टी ओढणं हा या सगळ्यातला खरा हातखंडा. जुन्या चांगल्या गिलाव्यावर पट्टीची दोन्ही टोकं टेकवायची आणि तिला करवतीसारखं डावं-उजवं हलवत खालून वर न्यायचं. जास्तीचा माल पट्टीवर येतो, खड्डा राहिला तर तिथं मालच लागत नाही, ते लगेच दिसतं. तिथं पुन्हा माल, पुन्हा पट्टी. रंधा त्यानंतर. आमच्या मेस्त्रीने आधी रंधाच उचलला. मी पट्टी पुढे केली तेव्हा हसून म्हणाला, "मॅडम, पेंटर पुट्टी मारणार ना?" तेच तर.

सात दिवस दोन वेळा पाणी. रंगासाठी २८ दिवस थांबायचं. नवा सिमेंटचा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो, त्यावर घाईने रंग दिला की डाग पडतात, रंग फिका होतो, तेलरंग तर चिकटच राहतो.

जिप्समच्या गिलाव्याबद्दल विचारतात. अर्ध्या तासात आवळतो, पाणी मारावं लागत नाही, सपाटी सुंदर येते. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या भिंतीला जरूर करा. तळमजल्याच्या, बाथरूमला पाठ लागलेल्या किंवा पश्चिमेचा पाऊस खाणाऱ्या भिंतीला नको. ओल लागली की मऊ पडतो.

आता पुट्टी

भिंत सपाट झाली की पुट्टी हे सोपं काम आहे, फक्त घाई नको. धूळ झाडा, भिंत हलकी ओली करा. पाण्यात पुट्टी टाका, पुट्टीत पाणी नको. किलोला साधारण साडेतीनशे ते चारशे मिली, नेमकं प्रमाण गोणीवर असतं. ढवळून दहा मिनिटं ठेवा, परत ढवळा. अडीच-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट होऊ लागलेल्या घमेल्यात पाणी ओतून ती "जिवंत" करणारे पेंटर मी रोज बघते. तीच पुट्टी पुढे हाताला खडूसारखी लागते.

पहिला हात उभा, दुसरा आडवा. मधे निदान सहा तास, पावसाळ्यात एक पूर्ण दिवस. हात जितके पातळ तितके बरे.

घासताना पॉलिशपेपर नुसता बोटांत धरला की चार बोटांच्या चार नाल्या भिंतीवर उमटतात. लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. आधी १८० नंबर, शेवटी ३२० किंवा ४००. बॅटरी पुन्हा भिंतीला लावा, या वेळी सावल्या अगदी बारीक दिसतील, पत्र्याच्या कडेच्या रेघा. त्या गेल्या की प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात.

जुना तेलरंग असेल तर कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, मास्क घाला, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

प्रायमर पुट्टीच्या आधी की नंतर, यावर साइटवर भांडणं होतात. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीला खाली प्रायमर लागत नाही, तिला ओलसर गिलावा हवा, प्रायमर तिच्यावर. डब्यातून येणारी तयार ॲक्रिलिक पुट्टी मात्र प्रायमरवर मारायची आणि तिच्यावरही प्रायमर. दोघं पेंटर भांडत असतात ते बहुतेक वेगवेगळ्या पुट्टीबद्दल.

प्रायमरचा पांढरा हात वाळला की राहिलेले ओरखडे डोळ्यात भरतात. ते पुट्टीने बुजवा, घासा आणि त्या ठिगळांवर परत प्रायमर द्या. तो दिला नाही तर ठिगळ रंग जास्त पिते आणि रंगाचा तजेला तिथंच मरतो. उन्हाच्या तिरिपेत गोल गोल चट्टे दिसतात. पाच मिनिटांचं काम, पण दहातले आठ पेंटर ते गाळतात.

रंग निवडताना मॅट घ्या. चकाकी वाढली की लाट वाढते, गडद रंगात तर अजूनच. आणि भिंतीवरून घसरणारा उजेड हवाच असेल तर तो दिवा आधी बसवून त्याच उजेडात घासकाम करून घ्या.

पुट्टी लाटांची नसून सुटते आहे, तर

हा वेगळा आजार. लोक दोन्ही एकत्र करतात.

चिकटपट्टी भिंतीला घट्ट दाबून झटक्यात ओढा. तिच्यावर पांढरी भुकटी आली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. तो खरवडून धुवून काढल्याशिवाय पुट्टी टिकणार नाही, कारण पुट्टी चुन्याला धरते आणि चुना भिंतीला धरत नाही. खाली तेलरंग असेल तर तो खडबडीत घासा किंवा काढाच.

मग ओल. दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर ती खोलीच्या हवेतली, खिडक्या उघडा. भिंतीत ओल असेल तर आधी तिचं मूळ शोधा, पन्हळ, बाहेरची भेग, बाथरूमचा पाइप. ती बंद होऊन भिंत वाळेपर्यंत पुट्टीचं नाव नको.

आणि लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारे क्षार. यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. सासरचं जुनं घर पेडण्याजवळ आहे, चिरा आणि माती, वर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. देवघराच्या भिंतीला खाली फूटभर ओल यायची आणि चुना झडायचा. मी नवी नवी साइटवर जायला लागले होते, सगळं येतं असा भ्रम. चुन्याचा गिलावा पाडला, एकास चारचा सिमेंटचा केला, पुट्टी, प्रायमर, प्लास्टिक इमल्शन. पहिला पावसाळा गेला, मी मिरवून घेतलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जी ओल फूटभर होती ती तीन फुटांवर आली. पुट्टी फुगून आंबोळीसारखी जाळीदार झाली आणि भेगांतून कापसाच्या तंतूंसारखे पांढरे क्षार बाहेर आले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "भिंतीचं तोंड बांधलंस तू."

त्यांचं बरोबर होतं. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी सच्छिद्र चिऱ्यातून वर चढतं, चुन्यातून बाहेर उडून जातं. सिमेंट आणि प्लास्टिक रंगाने तो रस्ता बंद केला की पाणी आणखी वर चढून वाट शोधतं. पाण्यात विरघळलेले क्षार वाळताना स्फटिक होतात आणि त्यांच्या जोराने पुट्टी उचलली जाते. नव्या घरातही लोणा दिसतो, विशेषतः भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली खारी रेती न धुता वापरली असेल तर. असे क्षार हवेतली वाफ ओढतात, म्हणून आषाढात भिंतीला घाम येतो आणि मार्गशीर्षात ती पुन्हा शहाण्यासारखी कोरडी.

लोणा कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद धरा, भुकटी उचलून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात. पेडण्याच्या घरात मी चार फुटांपर्यंतचं सिमेंट काढलं, म्हणजे ओलीच्या वर आणखी फूटभर. भिंत दिवाळीपासून शिमग्यापर्यंत उघडी ठेवली, मग चुन्याचाच गिलावा करून वर चुना. अजून थोडा लोणा येतो. चवथीआधी झाडते, चुन्याचा हात देते. अशा भिंतीला आरशासारखा फिनिश मागायचा नाही.

मुहूर्त चुकतो तो असा

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. आणि आपण सगळे रंगकाम काढतो ते चवथीसाठी, म्हणजे श्रावणात. पेंटर मिळत नाही, मिळाला तर त्याला पुढच्या घरी जायचं असतं, पुट्टी वाळत नाही आणि ओल्या पुट्टीवर प्रायमर बसतो. पुढे तीच ओल पापुद्रा उचलून बाहेर येते. गिलाव्याची दुरुस्ती आणि पुट्टी डिसेंबर ते मार्चमध्ये करा. चवथीआधी फक्त शेवटचा रंगाचा हात ठेवा, तोही सलग दोन-तीन दिवस उघाड असेल तेव्हा, पंखा लावून.

श्रावणातच गळ्याशी आलं असेल तर सुटलेलं तेवढं खरवडा, मखरामागे कापडी पडदा लावा आणि वरची एलईडी पट्टी बंद ठेवा. निम्म्या लाटा तिथंच जातात. मी हे गंमतीने सांगत नाही, भावोजींना तिसऱ्या वर्षी हेच करायला लावलं होतं.

खरं काम जानेवारीत सुरू केलं. पेंटरशी बोलताना "दोन हात पुट्टी" असं ठरवलं नाही. "६ फुटी पट्टी कुठेही लावली तर ३ मिलिमीटरचा बिट आत जाता कामा नये आणि रात्री बॅटरी लावून भिंत ताब्यात घेणार" असं कागदावर लिहून घेतलं. पेंटरने आधी दर वाढवून मागितला, तो दिला. गिलाव्याचं काम आठ दिवसांत झालं, महिनाभर भिंत तशीच कोरी ठेवली. त्या महिन्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याने "पैसे संपले काय?" असं विचारलं, हे भावोजी अजून विसरलेले नाहीत. मार्चमध्ये पुट्टी आणि प्रायमर झाले, ऑगस्टमध्ये एक उघाडीचा आठवडा गाठून रंग.

चवथीच्या आदल्या रात्री एलईडी लावून भावोजींनी भिंतीचा फोटो पाठवला. भिंत शांत होती. डाव्या टोकाला, शोकेसच्या मागे, ५ मिलिमीटरचा एक खड्डा मी मुद्दाम सोडलाय. शोकेस हलवायला चार माणसं लागली असती. त्याच्याभोवती पेन्सिलीचा गोल आणि आत ५ असा आकडा अजून तिथंच आहे.